उसना फ्यूजबॉक्स

शेजाऱ्यांच्या जुन्या मोटारीतून जळका फ्यूजबॉक्स निघाला आणि त्याच्या करपट वासानं मला साठ वर्षांपूर्वीच्या पनवेलात नेलं. आमच्या मोटारीचा फ्यूजबॉक्स जळला, तेव्हा मागच्या सीटवर बायको कळा सोसत होती. दवाखाना दोन मैल लांब. शेजारच्या मैदानात एका पुढाऱ्यांचा सत्कार चालला होता. त्यांची मोटार आमच्याच बनावटीची, पण गर्दीनं वेढलेली. आमची अडचण ऐकताच त्यांचे ड्रायव्हर इस्माईलभाई तिचा फ्यूजबॉक्स सोडवू लागले.

"अहो, साहेब आले तर?" मी घाबरून विचारलं.

"साहेब भाषणात अजून वेदकाळात आहेत. स्वतःपर्यंत यायला तास लागेल. तुम्ही भाभींना सांभाळा."

दवाखान्यात मुलगी झाली. फ्यूजबॉक्स परत नेला, तेव्हाही भाषण संपून टाळ्या व्हायच्याच होत्या. इस्माईलभाईंचे आभार मी तिथंच मानले. त्या भाषणाचे मानायला मात्र इतकी वर्षं लागली.