शब्द नसलेला भाग

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी नगरच्या एका दैनिकात इंग्रजी तारांवरून मराठी बातम्या करत असे. रविवारी सकाळी मात्र बाजारपेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी इंग्रजी गाण्यांचा अर्थ सांगे.

दुकानदाराला सगळे मामा म्हणत. दुरुस्तीला आलेला एक रेकॉर्ड प्लेअर त्यांच्याकडे पडून होता. मालक न्यायला आलाच नाही. त्यासोबत एका विलायती रॉक बँडची रेकॉर्डही राहिली होती. मामांना तो गिटार-ड्रमचा दणका आवडला, पण शब्द कळेनात. त्यातून पद्धत पडली. एक कडवं झालं की मामा सुई उचलत, मी अर्थ सांगे, सुई परत खाली. मध्ये नुसती गिटार आली की मामा सुई पुढे सरकवत. "गातच न्हाई कुनी, तर ऐकायचं काय?" कॉलेजच्या वसतिगृहात राहणारा पाथर्डीकडचा एक विद्यार्थी नेमाने ऐकायला येई. प्लेअरजवळचं स्टूल माझं होतं.

एका रविवारी भिंगारच्या लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्याचा मुलगा रेडिओ न्यायला आला. वय माझ्याएवढंच, हातात परदेशी घड्याळ आणि काखेत त्याच बँडची नवी रेकॉर्ड. मामांनी त्याला बसवून घेतलं आणि चहा सांगितला, स्पेशल. मला इतक्या रविवारांत कायम साधाच येत होता.

नवी रेकॉर्ड आमच्या पद्धतीने वाजली. बाजू संपल्यावर मी निर्णय दिला, "मागचीच आहे. पोरगी सोडून गेली, रस्ता लांब आहे, घरी कोणी नाही. कव्हर तेवढं बदललंय."

"व्हय की," विद्यार्थी हसला. "तमाशाचं बोर्ड नवं आन् वग गेल्या सालचा."

"पण तुम्ही मधलं वाजवलंच नाही," पाहुणा म्हणाला.

"मधी शब्दच न्हाईत, सायेब," मामा म्हणाले.

"तिथंच तर ते खरं वाजवतात. एकदा न थांबता लावू का?"

त्याने हे मामांना विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुई ठेवायला त्याला जागा हवी होती. मी उठलो, तो बसला.

गाणं सुरू झालं. दोन कडव्यांनंतर गायक थांबला, ड्रमही थांबला आणि एकटी गिटार हळूहळू वर चढत गेली. मामांनी हातातला सोल्डरिंगचा कैया ठेवून दिला. विद्यार्थी पुढे वाकला. मी गाण्यापेक्षा या दोघांकडेच जास्त पाहत होतो. माझ्या अर्थासाठी ते असे कधीच वाकले नव्हते.

"मामा, जुनीबी अशीच लावा," विद्यार्थी म्हणाला.

जुनीही सलग वाजली. तिच्यातली गिटार तुटक होती, घाईची. दोन रेकॉर्डींत फरक होता आणि तो मोठा होता. मला तो स्पष्ट ऐकू आला. हेच मी आधी सांगितलं असतं तर मला आनंद झाला असता. ते त्याने दाखवलं होतं, तेही एक शब्द न समजावता.

"अर्थ मात्र दोन्हींत एकच आहे," मी म्हणालो.

"अर्थ ऱ्हाऊ द्या हो आता, पेपरवाले," विद्यार्थी म्हणाला. "आमी ऐकतोय न्हवं."

मामा खळखळून हसले. पाहुणा हसला नाही. उलट तो अदबीने उठला आणि स्टूल माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तुम्ही बसा ना. तुमची जागा आहे."

तो उद्धट असता तर सोपं गेलं असतं. त्याने देऊ केलेल्या जागेवर बसणं मला जमेना. "असू द्या, मला ऑफिसला जायचंय," मी म्हणालो.

रविवारी मला सुट्टी असते हे मामांना ठाऊक होतं. ते रेकॉर्ड उलटी करत होते. "बरं, या मग," ते म्हणाले.