मिठागरावरची काच

वसईच्या खाडीकाठी जुन्या मिठागरावर सोलर पॅनल बसवले आहेत. पूर्वी तिथेच मीठ ओढणारा एक म्हातारा आता ते धुतो. सरकारी नियमानुसार अशा प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी लागत नाही. मी गेलो तोही वायरिंग तपासायला.

रांगेत शिरण्याआधी त्याने चपला काढल्या. मिठात उतरताना काढायचा, तशाच. काच पुसता पुसता वाकून त्याने एक मेलेला बगळा उचलला आणि कडेला साठलेल्या तशाच पक्ष्यांच्या ढिगावर ठेवला.

“पानी समजून उतरतात,” तो म्हणाला.

“कुणाला सांगितलंत?”

“इचारायला कोन आला? तुमीच पयले.”

मी वर पाहिलं. आभाळात एकही पक्षी नव्हता. काचेत मात्र बगळ्यांचा थवा शांतपणे घिरट्या घालत होता.

मी बूट काढले.