भिवाच्या नावावरची हिट

३ एप्रिल २००९, शुक्रवार. चारशे बारा दिरहम पन्नास फिल्स. एवढ्या रकमेत नऊ जुने ग्लव्ह, दोन बॅटी आणि चेंडूंचा एक खोका आला आणि आमच्या कंपनीचा बेसबॉल संघ सुरू झाला. पावती माझ्या नावावर आहे. प्रोजेक्ट मॅनेजर अमेरिकन होता. अबुधाबीतल्या शुक्रवारच्या लीगमध्ये, ब गटात, त्याला एक संघ उतरवायचा होता. माणसं होती ती आम्ही, रत्नागिरी-रायगडकडची, टेनिस बॉलवर क्रिकेट खेळलेली. आमचा कॅम्प मुसाफात, म्हणून संघाचं नाव मुसाफा हेरन्स. पांढऱ्या कपड्यांमुळे कॅम्पमधले लोक आम्हाला 'बगळे' म्हणत.

मी सेक्रेटरी होतो आणि पहिली दोन वर्षं पिचरही. पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. सगळा खेळ त्याच्या हातावर चालतो. कॉलेजात मी मध्यमगती गोलंदाज होतो आणि तीच सवय नडली. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकला की नो बॉल, इथे वाकवल्याशिवाय चेंडूला जोर येत नाही. माझा हात काही केल्या वाकेना. दोन वर्षांत अठरा सामने झाले, आम्ही तीन जिंकले.

भिवा घाडी २०११ मध्ये आला. राजापूरकडचा, शटरिंगचा सुतार, वय छत्तीस. पाण्याचे कॅन घेऊन पिकअपमधून उतरला, त्या दिवशी आमचा एक माणूस कमी होता, म्हणून त्यालाच मैदानात घेतलं. मधल्या सुट्टीत त्याने चेंडू उचलला आणि मला विचारलं, "साहेब, मारायचा कुठे?"

"कॅचरच्या ग्लव्हमध्ये."

त्याने मारला. कॅचरला ग्लव्ह हलवावा लागला नाही. दहा वेळा मारला, दहाही वेळा तसंच.

तो क्रिकेट कधी खेळलाच नव्हता. पोरवयापासून दुसऱ्यांच्या आंब्याच्या कलमांच्या बागा राखायचा, वानरांना धोंडे मारून हाकलायचा. "वानराला लागू द्यायचा नाय, साहेब," तो म्हणाला. "नाकासमोरनं गेला पायजे. लागला तर पाप, लांबनं गेला तर तो बसून बघतो." आमच्याही घरची कलमं होती, आमच्याकडेही असे राखणे होते. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला आठवत नाही.

पुढच्या शुक्रवारपासून पिचर तो आणि मी स्कोअरर.

मला वाईट वाटलं नाही, असं मी सर्वांना सांगितलं. पण स्कोअररची खुर्ची पिचरच्या अगदी समोर असते. दर शुक्रवारी तीन तास मी तो हात वाकताना बघायचो. मॅनेजर, ज्याने मला कधी नावाने हाक मारली नाही, तो "यल्ला भिवा", म्हणजे चल भिवा, ओरडायचा. माझ्या मुलीने, इन्शाने, दहाव्या वर्षी शाळेच्या बॅगवर भिवाचा सात नंबर रंगवला. मी म्हटलं, संघ तर तुझ्या अब्बूने काढला. ती म्हणाली, "अब्बू, ही इज जस्ट बेटर दॅन यू." आतून सुमैय्या, माझी बायको, म्हणाली, "खोटं काय बोलली ती?"

लीगच्या खलिफा सिटीतल्या क्लबहाऊसमध्ये एक हिरवा फलक आहे. पूर्ण सामन्यात एकही हिट न देणाऱ्या पिचरचं नाव त्यावर रंगवतात. ब गटातून कुणाचंच नव्हतं. आता, फलंदाज बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या चौकोनी गादीवर, पोचला तर तो स्वतःच्या फटक्यावर पोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे पंच ठरवत नाही, स्कोअरर ठरवतो. फटक्यावर, तर 'हिट'. चुकीमुळे, तर 'एरर'.

११ मार्च २०१६ ची फायनल. सात डावांचा सामना, सहाव्यापर्यंत भिवाने एकही हिट दिली नव्हती. सातव्यात एकाने चेंडू हळूच ढकलला, तो सरळ झुबेरकडे गेला. झुबेर रत्नागिरीत नाव कमावलेला क्षेत्ररक्षक, थेट यष्टी उडवणारा. त्याने चेंडू उचलला आणि समोर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला द्यायचा सोडून, यष्टी उडवावी तसा जमिनीवरच्या बेसवर मारला. नेम अचूक बसला. चेंडू बेसवरून उडून कुंपणापर्यंत गेला आणि फलंदाज आरामात पोचला.

मी पेन्सिलने 'एरर' लिहिलं. मग प्रेक्षकांत इन्शाकडे नजर गेली. ती दोन्ही हात तोंडावर धरून माझ्याकडे नाही, भिवाकडे बघत होती. मी ते खोडलं आणि पेनने 'हिट' लिहिलं. सामना आम्ही जिंकलो. फलक कोराच राहिला.

गेल्या वर्षी ब गट बंद झाला. मी डिसेंबरात निवृत्त होतो आहे, वह्या लीगकडे जमा करायच्या होत्या. तपासताना ते पान आलं. 'हिट'च्या खाली खोडलेलं स्पष्ट दिसत होतं. माझ्या चौदा वर्षांच्या वह्यांत तेवढी एकच खाडाखोड आहे.

भिवाचा व्हिसा रद्द होऊन तो मंगळवारी कायमचा गावी जायचा होता. रविवारी, १६ फेब्रुवारीला, मी त्याला क्लबहाऊसवर बोलावलं आणि पान दाखवलं.

"ते होय," तो म्हणाला. "झुबेरने बेसला मारलान, ते सगळ्यांनी बघितलं. तुम्ही हिट लिवलंत तेव्हा मी म्हटलं, साहेबांनी त्याला वाचवलान. त्याच्या लग्नाचं चाललेलं, मुलीचे वडील त्याला बघायला आलेले ना त्या दिवशी. कॅम्पवर मी सगळ्यांना सांगितलं, साहेब मनाने मोठे."

नऊ वर्षं तो माझ्याविषयी हे सांगत होता. माझ्या वाईट कामाचा मोठेपणासुद्धा शेवटी त्याचाच निघाला.

"झुबेरसाठी नाही," मी म्हणालो. "तुझं नाव फलकावर जायला नको होतं मला."

तो पानाकडे बघत राहिला. "एवढी वर्षं?"

"नऊ."

"मग आता काय झालं?"

"खोडलेलं दिसतंय."

त्याने खोडलेल्या अक्षरांवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "पेनने लिवलंत ते चुकलं, साहेब. पेन्सिलीवर पेन्सिल लिवलीत असती तर कोणाला कळलं नसतं. पण आता राहू दे. झुबेरच्या नावावर एरर कशाला?"

"हे स्कोअरर ठरवतो, तू नाही."

जुनी नोंद बदलायची तर स्कोअररची सही आणि पंचवीस दिरहम फी. सही मी केली. कार्ड पुढे केलं तर लीगचा फिलिपिनो खजिनदार म्हणाला, "कॅश ओन्ली, हबीबी." माझ्याकडे रोख नव्हती. भिवाने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या.

"पंचवीस म्हणजे आपले पाचशे नव्वद," तो मोजताना म्हणाला. "पूर्ण सीझन वानरं राखून एवढे मिळाले नाय कधी."

मार्चमध्ये नाव रंगवून झालं: भिवा घाडी, मुसाफा हेरन्स, ११ मार्च २०१६. अक्षर चांगलं आहे. फलकावर स्कोअररचं नाव लिहीत नाहीत. तिथून जाताना मी दर वेळी ते वाचतो आणि दर वेळी तोच हात वाकताना दिसतो, जो २०११ मध्ये त्या खुर्चीवरून दिसायचा. इन्शाने फोटो काढून त्याला पाठवला.

भिवाचे पंचवीस दिरहम मी देणे लागतो.