मरळीसाठी तंगूस कोणता?

गरी टाकणारी माणसं पाण्याकाठी गप्प बसतात, त्यामुळे लोकांचा भलताच गैरसमज होतो. तीच माणसं पवनीच्या चहाटपरीवर भेटली की त्यांचं तोंड बंद करून दाखवा! मासा रविवारी एखादाच मिळतो, किस्से मात्र खंडीभर. आणि आमचे निम्मे किस्से माशांचे नाहीतच, तंगुसाचे आहेत. तंगूस म्हणजे गरीला, मासे धरायच्या गळाला, बांधतात तो नायलॉनचा धागा. तो कोणता घ्यावा, यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीवरूनही झाली नसतील.

मंडळी तीनच. मी बँकेतला, गुरुजी रिटायर्ड, आणि सुखदेवकाका. आम्ही दोघे हौशी. काकांचा मात्र जन्म वैनगंगेवर आणि आसपासच्या तलावांवर मासे धरण्यात गेलेला.

* * *

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे बाकीच्यांना रागवायला जागा नको.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून विणलेला तंगूस ऑनलाइन मागवला. 'हत्तीच्यानेही तुटणार नाही' असं व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगत होता. सानगडीच्या तलावावर पहिल्याच फेकीत गरी पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकली. ओढलं, सुटेना. ओढलं, तुटेना! गुरुजी मागून माझी कंबर धरून ओढायला लागले. शेवटी कडाड आवाज आला. तंगूस शाबूत, माझ्या नव्याकोऱ्या रॉडचे दोन तुकडे!

काका काठावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "बाबू, तंगूस असा घ्याचा, का कदी कदी हार मानता आली पायजे."

* * *

गुरुजींचं काम पद्धतशीर. कोणत्या माशाला कोणत्या नंबरचा तंगूस, याचा तक्ता त्यांनी वहीत आखलेला आहे. तक्त्याप्रमाणे त्यांनी एक महागाचा, पाण्यात अजिबात न दिसणारा तंगूस आणला. वर्षभर जपून वापरला. मासा एकही लागला नाही, तो भाग वेगळा.

एका रविवारी कपाटातून तंगूस गायब! गुरुजींनी घर डोक्यावर घेतलं. आम्ही मागच्या अंगणात गेलो, तर चार पातळं हवेत अधांतरी वाळत होती. पाण्यात न दिसणारा तंगूस हवेतही दिसत नव्हता. गुरुजींच्या बायकोने, आमच्या काकूंनी, शांतपणे विचारलं, "मंग का झालं? किती मजबूत हाय!"

गुरुजी भडकणार, तेवढ्यात काका म्हणाले, "कायले कावता गुरुजी? तुमच्या हाती त्याले काई लटकलं नाई. इथं चार लुगडे तं लटकले!"

* * *

गुरुजींचे जावई चिखला गावच्या खाणीत आहेत. माणसांना जमिनीखाली नेणाऱ्या पाळण्याचे दोर तपासणं हे त्यांचं काम. मोठा सज्जन माणूस, पण सुटीतही दोर बघितला की हात लावून पाहणार. आमच्याबरोबर आले तेव्हा त्यांनी हिशेब मांडला, "मरळ एक किलोची धरली, तर तंगूस दहापट वजन पेलणारा हवा. सेफ्टीत तडजोड नाही!"

त्यांचा तो जाडजूड तंगूस पाण्यावर वेटोळी घालून पडला. दिवसभर एक मासा फिरकला नाही. काकांनी जावयाचा मान राखत सांगितलं, "जावईबापू, आपल्याले मासोळी वरतं आनाची हाय. खानीतले मानसं नाई."

* * *

मग काकांची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. काकांचा मुलगा रमेश घाबरला. बापाचा पाय घसरला तर? त्याने नदी बंद केली. काकांचं जेवण कमी झालं, बोलणंही. एक रविवार आम्ही दोघेच काठावर बसलो. अजिबात करमलं नाही.

आम्ही भंडाऱ्याहून पिवळाजर्द, जाड तंगूस आणला. म्हटलं, हा तरी काकांना दिसेल, रमेशचंही मन वळेल. काकांनी तो उजेडात धरला, खूश झाले आणि परत दिला.

"हा मले दिसते, तं मरळीलेही दिसते. ते थोडीच आंधळी झाली!"

* * *

शेवटी रमेशनेच एक दिवस आमच्यासमोर अट घातली. ओसरीवर सगळ्यात बारीक, पांढरा तंगूस आणि बारीक गरी ठेवली.

"बाबा, हा तंगूस गरीत ओवून दाखवा. जमलं, तं मी सोता तुमाले नदीवर नेतो. नाई जमलं, तं आजपासून गरीचं नाव काढाचं नाई. मंजूर?"

"मंजूर," काका म्हणाले.

काकांचा हात स्थिर होता. पण तंगूस गरीच्या भोकाच्या एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. तिसऱ्यांदाही चुकला. गुरुजी रस्त्याकडे बघायला लागले. रमेशलाच बघवेना. तो म्हणाला, "राहू द्या, बाबा."

काकांनी दोन्ही डोळे मिटले. गरी उचलली आणि सरळ तोंडात घातली! तिचं भोक जिभेच्या टोकाशी धरलं आणि ओठांतून तंगूस आत सरकवला.

रमेश ओरडला, "बाबा, टोचंल ना! गरी कायले तोंडात घालून राह्यले?"

काकांनी गरी बाहेर काढली. तंगूस आरपार गेलेला होता. गाठ मारता मारता ते म्हणाले,

"जनमभर मासोळीच्या तोंडात घातली, रम्या. एक डाव माह्या तोंडात गेली तं का बिघडलं? चाल, टोपली घे."