परवा नाहीं

नेतृत्व शिकवणाऱ्या एका दोन दिवसांच्या शिबिरातून मी एवढंच घेऊन आले होते, की माणसांना आपल्या चुका मोकळेपणानं बोलता आल्या पाहिजेत. त्यानं ती खंबीर होतात. कुंभकोणमच्या एका लहानशा रुग्णालयात मी फिजिओथेरपी विभागाची प्रमुख. हाताखाली पाच जण. लगेच प्रथा पाडली: दर गुरुवारी दुपारच्या कॉफीला प्रत्येकानं आठवड्यातली एक चूक सांगायची. ऐकून मी म्हणायचे, "परवाइल्लै." तमिळमध्ये त्याचा अर्थ असू दे, चालायचंच. माणसं हसायची, कॉफी प्यायची. आपण फार मोठं काही उभं केलंय, असं मला वाटू लागलं.

त्या वर्षी नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याची एक मुलगी आमच्यात आली. तमिळ तिला जेमतेम. आमच्या घरातही मराठी, पण ती कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्यांची. माझी मराठी ऐकून ही मुलगी गालातल्या गालात हसायची. तरी मला वाटलं, हिच्याशी घरच्या भाषेत बोलावं, तेवढंच तिला बरं वाटेल.

एका गुरुवारी तिनं सांगितलं, पापनाशमहून येणाऱ्या एका आजोबांना तिनं घाईनं काठीशिवाय चालवलं आणि ते पडले. लागलं नाही, पण आता पाऊल टाकायला घाबरतात. मी मायेनं म्हटलं, "परवा नाहीं," आणि पुढच्याकडे वळले.

त्यानंतर दर गुरुवारी ती गप्प. मी समजले, रुळतेय. तिसऱ्या आठवड्यात तिचा राजीनामा आला. इथं काम करायचं मन उरलं नाही, असं लिहिलं होतं.

मी तिला बोलावून घेतलं. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना मॅडम, पर्वा नाही म्हणून."

मला हसू फुटलं. आवरायला हवं होतं. "तें तसें नव्हें ग," असं म्हणून मी दोन्ही भाषांचा पसारा तिच्यापुढे मांडला: शब्द मूळचा एकच, तमिळनं तो धीर द्यायला घेतला, आणि आमच्या घरांत तोच अर्थ घेऊन तो पुन्हा मराठी झाला. बोलले मात्र छान. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं," ती म्हणाली. "पण आजोबांचं पुढे काय झालं, हे तुम्ही अजून विचारलं नाहीत."

मला लाज वाटली. मग विचारलं. पडल्यावर आजोबा उठायलाच तयार नव्हते, तेव्हा ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली आणि त्यांना उठावंसं वाटेपर्यंत बसून राहिली. तेव्हापासून दोघं रोज आधी खाली बसायचा, मग उठायचा सराव करत होते. आदल्या दिवशी आजोबा खोलीच्या दारापर्यंत एकटे चालत गेले होते. हे सगळं माझ्याच विभागात, माझ्या खोलीपासून चार दारं पलीकडे.

राजीनामा तिनं मागे घेतला नाही.