ठमीला विचारलेला प्रश्न

...तर ती बकरी टेबलावर उभी, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, आणि रशीदाभाभी शपथेवर सांगून राहिल्या की झाडपाल्याशिवाय तिनं तोंडात काही घेतलंच नाही. बाजूला नवरा मुजफ्फर, हाताची घडी घालून. डॉक्टर नाहिदनं भाभींना पुढं एक शब्द विचारला नाही. बकरीचा कान धरला, आपलं तोंड जवळ नेलं आणि म्हणाली, "अब तू ही बता माँ, क्या खाया?" आता बकरी काय बोलणार? पण ही पोरगी खरोखरच थांबली, जशी काही बकरी आठवून राहिली. आणि भाभीच एकदम बोलल्या, "वो शादी का जर्दा बचा था ना... थोडा दिया मैंने."

"थोडा?" मुजफ्फर म्हणाला. "तभी मैं बोलूँ, पूरा पतेला किधर गया!"

बकरी वाचली. जर्दा म्हणजे तो लग्नातला गोड भात, तो खायची मुजफ्फरची इच्छा तेवढी राहून गेली.

ही नाहिद म्हणजे आमच्या गुलाम नबीची लेक. घाटंजीत बाजाराच्या रस्त्याला त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. पोरगी गुरांची डॉक्टर होऊन आली, तर त्यानं अर्धं दुकान रिकामं केलं, मधात पत्र्याची भिंत घातली आणि म्हणाला, "घे, तुझा दवाखाना." तेव्हापासून पत्र्याच्या अलीकडे पंप खोकतात आणि पलीकडे कुत्री. गुलाम नबी आणि मी गावच्या शाळेत एका तरटावर बसलेलो. शाळा सुटली, तरट गेलं, बसायची सवय राहिली. आता त्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसतो. दवाखान्याचं दार समोरच, त्यामुळं इकडचं-तिकडचं सगळं फुकटात दिसते.

एकदा मी तिला विचारलं, "काहून वं नाहिद, माणूस समोर उभा असताना तू जनावरालेच काहून पुसते?"

"आजोबा, लोकं डॉक्टरले भेतात," ती म्हणाली, "आपल्या बकरीले कोणी भेत नाही."

पण मला सांगायची आहे ती ठमीची गोष्ट.

दसरा जवळ आला होता. कपाशीला बोंडं धरलेली, जो तो फवारणीत. दुपारच्या उन्हात इम्तियाजचा ऑटो दवाखान्यापुढं थांबला आणि त्यातून रामराव आणि भागीरथा उतरले. वाकळीत गुंडाळलेली कुत्री भागीरथेच्या छातीशी. हे नवरा-बायको आमच्याच गावचे. पाच-सहा एकर कापूस, तुरी. एकुलती एक पोरगी, ती लग्न होऊन फुलसावंगीला गेली आणि तिनं पाळलेली ही कुत्री, ठमी, मागं राहिली. भागीरथेनं पोरीच्या नावाची सगळी माया ठमीवर उधळली. पहिली भाकर ठमीची, दुसरी रामरावची. म्हणून तो येता-जाता म्हणायचा, "हिले एक दिवस मुकुटबनच्या यष्टीत बसवून देतो, पाह्य कशी जाते ते!" अख्ख्या गावानं हे ऐकलेलं.

ठमीच्या तोंडातून लाळेची तार लागली होती. अंग असं थरथरत होतं की टेबलाचा पत्रा वाजायला लागला. नाहिदनं डोळ्यात बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"काय खाल्लं हिनं? अंगाले काही लावलं का?"

"काहीच नाही वो बाई," भागीरथा म्हणाली. "सकाळी दुधात भाकर कुस्करून देल्ली. मंग अशी करू लागली. माह्या पोरीले काय तोंड दाखवू मी?"

"औषधाचा वास येऊन राह्यला हिच्या अंगाले."

"वावरातली कुत्री हाय," रामराव दाराकडे पाहत म्हणाला. "वास येईनच."

तेही खोटं नव्हतं. त्या दिवसांत आमच्या भागात माणसांच्या सदऱ्यांनाही तोच वास असतो. नाहिदनं हातमोजे चढवले, साबण लावून ठमीला रगडून धुवायला लागली. पाणी संपलं तसं भागीरथेला म्हणाली, "काकी, बाबाच्या टाकीतून दोन बकेटा आणा." भागीरथा पळाली.

खरी गाठ पुढंच होती. नाहिदनं मला नंतर समजावून सांगितलं. फवारणीचं विष एका जातीचं नसते. एका जातीवर जे इंजेक्शन जीव वाचवते, ते दुसऱ्या जातीवर उलटं पडू शकते. कोणतं लागलं हे कळल्याशिवाय सुई टोचायची कशी? आणि ठमीचा श्वास तर घरघरायला लागलेला.

नाहिदनं रामरावकडं पाहिलंच नाही. ठमीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून वाकली. "सांग माय. तुले मारायले कोणी लावलं नाही, ते मले मालूम हाय. कोणतं लावलं, तेवढं सांग."

पलीकडं गुलाम नबीचा पाना थांबला. मीही बाकावरून उठून दारात आलो.

रामराव टेबलापाशी आला. खाली वाकला, तोंड ठमीच्या तोंडाजवळ. "ठमे... गोचीड लय झाले होते ना वं तुले? खाजवू-खाजवू कातडं सोललं होतं तुह्यं. फवाऱ्यातलं उरलं होतं, तेच पुसलं म्या फडक्यानं. मले काय मालूम वं?" आणि कुत्रीलाच त्यानं औषधाचं नाव सांगितलं.

नाहिद सुई भरायला लागली. रामराव बाहेर टाकीकडं पाहून हळूच म्हणाला, "बाई, तिले नोको सांगू. मी रोज यष्टीत बसवतो म्हणतो ना... तिले वाटंन, मुद्दामच केलं. जन्मभर बोलणार नाही माह्यासंग."

"मी आपल्या मनानं सांगायले जात नाही, काका. पण त्यायनं इचारलं तर खोटं नाही बोलत."

भागीरथा बकेटा घेऊन आली. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं, आणि मग नुसतं बसणं. गुलाम नबीनं चहा आणला. रामरावच्या कपावर साय धरली, पण त्यानं उचलला नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून तो ठमीची लाळ पुसत राहिला. दुपट्टा चिंब झाला तसा सदऱ्याच्या बाहीनं.

"आज लय उतू चालली माया," भागीरथा म्हणाली. "यष्टी चुकली वाटते."

ती स्वतःच थोडं हसली आणि पदर डोळ्याला लावला.

मधात नाहिदनं पुन्हा डोळ्यात बॅटरी मारली, पुन्हा सुई दिली. ऊन पत्र्यावरून खाली उतरलं. लाळ कमी झाली. थरथर पायातून सरकत-सरकत शेपटीत आली, आणि मग लक्षात आलं की शेपटीतली ती थरथर नव्हे, कुत्री शेपूट हलवून राहिली! काय सांगू बाप्पा, मी या वयात टाळी वाजवली.

ठमीनं मान उचलली, इकडं-तिकडं पाहिलं आणि सगळ्यात जवळ होता तो रामरावचा हात चाटायला निघाली.

"ए! चाटू देऊ नका!" नाहिद ओरडली. "हात धुवा पयले साबणानं!"

रामरावनं हात पाठीमागं नेला, चोरानं न्यावा तसा.

भागीरथा शाळेत गेली नाही, पण तिला दुसऱ्यांदा काही सांगावं लागत नाही. तिनं आधी नवऱ्याचा हात पाहिला, मग नवऱ्याला. "काहून वो? तुमच्या हाताले काय लागलं हाय?" रामराव दोन पावलं मागं सरकला. तशी ती नाहिदकडं वळली. "तू सांग, बाई. तू खोटं बोलत नाही म्हणतात. ह्या माणसानं माह्या ठमीले काय केलं?"

नाहिदनं हातमोजे काढले, ठमीच्या अंगावर वाकळ ओढली आणि म्हणाली, "काकी, गोचीड मारायले कपाशीचं औषध लावलं यायनं, लय मोठी चूक केली, पुन्हा केली तर मीच यायले यष्टीत बसवून देईन. पण धुताना म्या पाह्यलं, कानाच्या आतून, पायाच्या बोटाबोटातून फडकं फिरवलं हाय, म्हणूनच तर एवढं विष गेलं. जिचा राग येते तिचे कान कोणी इतके जपून पुसते का? आता शिव्या द्याच्या तर द्या, पण घरी नेऊन द्या. इथं पेशंट झोपली हाय."