फाटकावरचे मास्तर

सेपुलोनाकाका सामोआतल्या आमच्या विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकरी होते. कमरेला लुंगीसारखी लावालावा गुंडाळलेली, हातात छत्री, आणि सरदारांपुढे बोलायची मानाची सामोअन भाषा अशी तोंडपाठ, की ऐकत राहावं.

मी ऑकलंडहून डॉक्टरेट घेऊन भाषा विभागात रुजू झालो. स्वागताच्या सभेत गावोगावचे सरदार बसलेले. मी ऐटीत उठलो आणि त्यांना लावायचे मानाचे शब्द स्वतःलाच लावून बसलो! "काल आम्ही आमच्या वाड्यात भोजनास विराजमान झालो," असलं काहीतरी. सभा खो खो हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाटकाशी काकांनी गाठलं. "काय रे शहाण्या, तू वाड्यात, मग सरदारांनी काय डुकरांच्या खोपटात बसायचं?"

पुढची दोन वर्षं रोज दुपारी त्यांच्या चौकीत उकडलेला तारोचा कंद खात मी शिकलो. चुकलो की, "हात् रताळ्या, पुन्हा म्हण!"

वर्गात मुलं म्हणायची, "सर, काय बोलता तुम्ही!" कुणी शिकवलं, ते मी कधी सांगितलं नाही. डॉक्टरेटवाल्याचा गुरू पहारेकरी? छे! तेव्हा त्याची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

मग मानाच्या भाषेसाठी शिक्षक नेमायचं ठरलं. पदवीची अट नव्हती, शिकवल्याचा अनुभव तेवढा हवा होता. काकांनी अर्ज केला.

"डॉक्टर, वकील कुठल्याही देशात घडतात रे," ते मला म्हणाले. "आपली भाषा दुसऱ्या कुणाचं विद्यापीठ सांभाळणार? मरायच्या आधी एकदा फळ्यापुढे उभं राहायचंय मला."

मुलाखतीला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. समितीत मीही होतो. ते असे बोलले, की अध्यक्षबाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, आजवर कुणाला शिकवलंय का तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. 'मला' एवढा एकच शब्द बोलायचा होता मी. मी उगाच फायलीची पानं उलटत राहिलो.

काकांनी नजर वळवली. "नाही हो बाई," ते म्हणाले. "कुणालाच नाही."

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. अनुभवाच्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं, 'नाही'.